आता दुखत नाही, मॅडम

मागच्या महिन्यात शेजारच्या अपार्टमेंटमधल्या एक वहिनी मुलीला घेऊन क्लिनिकवर आल्या. दुखणंखुपणं काही नव्हतं. मुलगी बारावीला, नीटचा क्लास चालू, आणि फिजिओथेरपीच करायची, त्यातही स्पोर्ट्सच, असं तिनं ठरवून टाकलेलं. वहिनींचे प्रश्न नेहमीचे होते. किती वर्षं लागतात, फी किती, पगार किती, आणि शेवटी आवाज जरा खाली आणून, मुलींसाठी बरं आहे का. मुलगी तोवर भिंतीवरचा स्नायूंचा तक्ता बघत बसली होती. निघताना चप्पल घालता घालता तिनं एकच विचारलं, "काकू, तुम्हाला मॅच एकदम जवळून बघायला मिळत असतील ना?" मी काही बोलणार तेवढ्यात एका आजोबांना धरून त्यांचा मुलगा आत आला, आणि त्या दोघी गेल्या. आजोबांच्या खांद्याला शेक देताना तो प्रश्न डोक्यात फिरत राहिला. त्याच आठवड्यात मी एका जिल्हा कबड्डी स्पर्धेला मैदानाच्या कडेला बसून होते. फायनल कोण जिंकलं हे आठवायला मला वेळ लागला. लेफ्ट कॉर्नरला खेळणाऱ्या पोरीचा अंगठा मात्र लख्ख आठवत होता. तो किती सुजला होता, पट्टी कुठून कशी फिरवली होती, आणि प्रशिक्षक जवळ आले की ती तो कसा मुठीत लपवत होती.

कबड्डी जवळून बघायला फार सुंदर असते. पाणी मारून, रोलर फिरवून तयार केलेल्या मैदानाचा संध्याकाळचा वास, हॅलोजनभोवतीचे किडे, सरपंचांपासून मंडळाच्या खजिनदारापर्यंत सगळ्यांचं स्वागत करणारा निवेदक, आणि त्या गलक्यातून वेगळा ऐकू येणारा रेडरचा दम. आता बऱ्याच ठिकाणी मॅट आली. मातीत पाय जरा सरकायचा. मॅटवर बूट जागच्या जागी चिकटतो, अंग वळतं, आणि त्या दोघांच्या मधे गुडघा सापडतो. सगळं मैदान बोनस मिळाला का ते बघत असतं तेव्हा माझी नजर रेडरच्या मागच्या पायावर असते. उडी मारून ती खाली येते कशी, दोन्ही पायांवर की एकाच, गुडघा सरळ पुढे वाकतो की आत झुकतो. उठताना हात कुठल्या मांडीवर टेकते. पकड झाल्यावर सातजणी एकमेकींवर पडतात, त्या ढिगातून सगळ्यात शेवटी कोण उठतं. खेळ माझ्या डोळ्यांसमोर चाललेला असतो, आणि मी त्यातलं उतरणं तेवढं बघते. सुरुवातीला मला याची चुटपुट लागायची. इतक्या जवळ बसून आपण सामना बघतच नाही, असं वाटायचं.

मला या कामाची ओढ लावली ती आशिष नेहरानं. 2003 चा विश्वचषक, डर्बन, 26 फेब्रुवारी, समोर इंग्लंड. तीन दिवस आधी नामिबियाविरुद्ध गोलंदाजी करताना त्याचा घोटा मुरगळलेला. त्या घोट्यावर तो धावत आला आणि 23 धावांत 6 बळी घेऊन गेला. मी तेव्हा शाळेत होते. चाळीतल्या एकाच घरात केबल होती, तिथं दाराबाहेर चपलांचा खच पडलेला. त्याच्या सुजलेल्या पायाचा फोटो नंतर पेपरात बघितला, तो अजून डोळ्यांसमोर आहे. घोट्याचं हाडच दिसत नव्हतं. मोठी माणसं नेहराच्या जिगरीबद्दल बोलत होती. मला मात्र राहून राहून वाटत होतं, असा पाय बुटात घातला कसा, आणि कुणी घातला? भारतीय संघाबरोबर तेव्हा अँड्र्यू लीपस फिजिओ होता. बॅग घेऊन मैदानात पळत येणारा माणूस एवढीच त्याची आमच्या घरात ओळख. त्या पायाजवळ तो किती तास बसला असेल, काय काय दाबून बघितलं असेल, 'खेळ' म्हणताना त्याच्या मनात काय आलं असेल, हे मला आजही त्याला विचारावंसं वाटतं.

आज तीच गोष्ट पोरं मला ऐकवतात.

"मॅडम, नेहरा खेळलाच की सुजलेल्या पायानं." घोट्याला बर्फ बांधून बसलेला प्रत्येक तिसरा मुलगा हे म्हणतो. त्यांचे वडीलही म्हणतात. आपल्याकडे दुखणं अंगावर काढून खेळणाऱ्याला जो मान आहे तो दुखणं सांगणाऱ्याला नाही. तालमीत तर नाहीच नाही. मला त्या मानाबद्दल तक्रार करायची नाही. लहानपणी मीही त्याच गोष्टीनं भारावले होते आणि अजूनही तो स्पेल लागला की काम सोडून बघते. पण या कामात इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे. किती दुखतंय आणि किती बिघडलंय, या दोन गोष्टींचा आपल्याला वाटतो तेवढा संबंध नसतो. मुरगळलेला घोटा टम्म फुगतो, रात्रभर ठणकतो, आणि तरी कधी कधी नीट टेप करून त्यावर खेळता येतं. आणि गुडघ्यातला एसीएल, म्हणजे सांधा आतून धरून ठेवणारा स्नायुबंध, तुटलेली मुलगी महिन्याभरात हसत हसत जिना चढते, तिला जराही दुखत नसतं, आणि तिनं मैदानात पाय ठेवायचा नसतो.

हे कळायला कॉलेजची वर्षं पुरली नाहीत. बीपीटीएचची चार वर्षं, वर सहा महिने इंटर्नशिप, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी, पुढे एमपीटीएचची दोन वर्षं. पहिल्या वर्षी फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरायचे, घरी आल्यावरही हाताला तो वास येतोय असं वाटायचं आणि जेवण जायचं नाही. पुढे वॉर्ड. आयसीयूमध्ये पेशंटच्या छातीवर हाताचा खोलगट तळवा ठेवून ठोकायचं, कफ सुटल्याचा आवाज ओळखायचा. अर्धांगवायू झालेल्या आजींची आवळलेली बोटं एकेक करून उघडायची. भाजलेल्या बाईचा कोपर सरळ करताना तिचं ओरडणं ऐकूनही हात स्थिर ठेवायचा. खेळाडूचा पाय हाती यायला फार उशीर लागतो, आणि स्पोर्ट्ससाठी म्हणून आलेली मुलं तिथं कंटाळतात. मी मात्र वहिनींच्या मुलीला हेच सांगणार आहे की ती वर्षं ढकलायची नाहीत. माझे हात मैदानावर तयार झाले नाहीत, त्या वॉर्डात झाले. गुडघ्यावर हाताची मागची बाजू ठेवून ऊब किती आहे ते कळणं, वाटीच्या बाजूनं बोट फिरवून आत पाणी साचलंय का ते बघणं, समोरचा माणूस 'नाही दुखत' म्हणतो तेव्हा त्याचा स्नायू काय सांगतोय ते ऐकणं, हे सगळं तिथलं.

मैदानावर वेळ फार कमी असतो. पोरगी पडली, पंचांनी हात केला, मी धावत गेले, की प्रेक्षकांना वाटतं आता स्प्रे मारणार. तो गार स्प्रे टीव्हीनं लोकप्रिय केला आहे. मी आधी गुडघे टेकून बसते आणि तिच्या तोंडाकडे बघते. मग घोट्याच्या दोन्ही हाडांच्या मागच्या कडा, वरून खाली, बोटानं दाबत येते. पायाच्या बाहेरच्या कडेचा मधला उंचवटा, आतल्या बाजूचं होडीच्या आकाराचं हाड. हाडावर दाबल्यावर दुखतंय का, आणि उठून चार पावलं टाकता येतात का. 1992 साली कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी घालून दिलेले हे नियम आहेत. फ्रॅक्चरची शंका धरायची की नाही, एक्सरेला पाठवायचं की नाही, हे त्यावरून ठरतं. खेड्यातल्या मैदानावर, जिथून एक्सरे तासाभराच्या अंतरावर असतो, तिथं ही चार पावलं मला फार आधाराची वाटतात. सगळं ठीक असेल तर टेप. पाय नव्वद अंशात, बोटं वर. आधी पोटरीच्या खाली एक वेढा, मग आतल्या बाजूनं टाचेखालून बाहेर ओढत वर आणलेल्या पट्ट्या, मग टाच पकडणारा तिरका फेर. ताण बाहेरच्या बाजूला वरच हवा, कारण पाय आत मुरगळतो. पट्टी फाडल्याचा चर्र आवाज, अंगठ्यानं ती घासून बसवायची, कुठं सुरकुती राहिली तर तिथं हमखास फोड येतो. शेवटी नखं दाबून बघायची, परत गुलाबी होतात ना. हे सगळं चालू असताना डोक्यावर प्रशिक्षक उभे असतात आणि विचारतात, "झालं का?"

बर्फाचंही असंच. आम्ही शिकलो तेव्हा विश्रांती, बर्फ, दाब, उंची ही आरती पाठ होती. 1978 साली गेब मिरकिन या अमेरिकी डॉक्टरनं ती रूढ केली आणि पुढे त्यानंच लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी भरून येणं लांबू शकतं. सूज म्हणजे शरीराचं दुरुस्तीचं काम चालू असतं. बर्फानं ठणका कमी होतो, म्हणून मी तो अजूनही देते, पण तास-तासभर बांधून ठेवू देत नाही. गावाकडं आंबेहळद आणि तुरटीचा लेप असतो, त्यालाही माझा विरोध नाही. माझा खरा झगडा मालिशीशी असतो. दुखापत ताजी असताना, आत रक्त साचलेलं असताना, जोर लावून चोळलेला पाय माझ्याकडे येतो तेव्हा जीव हळहळतो. चोळणारा माणूस बहुतेक वेळा घरचाच असतो, मायेनं चोळलेलं असतं, म्हणून रागवताही येत नाही.

आता त्या मुलीबद्दल सांगते जिच्यामुळे खरं तर हे लिहायला बसले. रेडर. तासगावकडची, वय एकोणीस. वडील द्राक्षबागेत कामाला. दीड वर्षापूर्वी एका स्पर्धेत बोनस घेऊन वळताना डावा गुडघा सटकला. 'टक' असा आवाज तिला ऐकू आला होता, कोपऱ्यात बसलेल्या तिच्या मैत्रिणीलाही. दोन तासांत गुडघा भरला. तीन आठवड्यांनी सूज उतरली, चालायला लागली, पळायला लागली. घरच्यांना वाटलं, बरं झालं. महिन्या-दोन महिन्यांनी ती परत खेळायला उतरली. पुन्हा गुडघा सटकला, आणि या वेळी आतली गादी फाटली. एसीएलशिवायचा गुडघा असाच फसवतो. सरळ रेषेत पळताना तो सगळं करू देतो. कट मारायची वेळ आली की हातचा सुटतो. मग एमआरआय, मग शस्त्रक्रिया. पैसे कसे उभे केले ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिच्या आईच्या गळ्यात आधी दिसायचं ते डोरलं नंतर दिसलं नाही, एवढंच.

शस्त्रक्रियेनंतर ती माझ्याकडे आली तेव्हा तिला डावी मांडी आवळताच येत नव्हती. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून मी म्हणत होते, "दाब, टॉवेल दाब." ती दात-ओठ खात होती, कपाळावर घाम होता, आणि मांडी तशीच मऊ पडलेली. सुजलेल्या गुडघ्याला जपण्यासाठी शरीर मांडीच्या मोठ्या स्नायूला गप्प करून टाकतं. जिनं सहाजणींना ओढत मध्यरेषा गाठली, तिला स्वतःचा एक स्नायू हलवता येईना. ती त्या दिवशी रडली. दुखत होतं म्हणून नाही. मी तिचा हात तिच्याच मांडीवर ठेवला, वाटीच्या वर, आतल्या बाजूला, आणि म्हटलं, इथं काही थरथरलं तर सांग. बऱ्याच वेळानं थरथरलं. ती थरथर हाताला लागते ना, त्या क्षणासाठी मी हे काम करते. मैदानातल्या टाळ्यांपेक्षा मला ती जास्त प्रिय आहे, हे मी कुठल्याही करिअर मार्गदर्शनात छातीठोकपणे सांगेन.

अवघड भाग पुढेच असतो, सहा महिन्यांनंतर. दुखत नाही, सूज नाही, वाकणं पूर्ण, सरळ होणं पूर्ण. तिच्या वडिलांनी एकदा दारातच मला गाठलं. "पोरगी चालतीय, पळतीय, दुखत न्हाई म्हणतीय. मग थांबायचं कशापायी, मॅडम?" पुढच्या महिन्यात एका संघाची निवड चाचणी होती. त्यातून नोकरीची वाट होती. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी राज्य-राष्ट्रीय पातळीची प्रमाणपत्रं लागतात, आणि ती मिळवायची वर्षं मोजकीच असतात. एकोणीस वर्षांच्या मुलीचं एक वर्ष गेलं की घरात दुसरीच बोलणी सुरू होतात. तो गुडघा तिच्या एकटीचा नव्हता. त्यावर धाकट्या भावाचं कॉलेज होतं, घरावरचे पत्रे होते, आणि लग्न दोन वर्षं पुढे ढकलायची तिची शेवटची सबब होती. हे सगळं माहीत असताना त्या माणसाला 'अजून नाही' म्हणायचं. पुस्तकात हे एका ओळीत असतं. नॉर्वेतल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिलं की नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितके महिने लांबवावं, तितकी पुन्हा दुखापत होण्याची शक्यता दर महिन्याला साधारण निम्म्यानं घटते. मी ती ओळ त्यांना सांगितली नाही. त्यांना म्हटलं, "दादा, डॉगरीजच्या खुंटावर द्राक्षाचं कलम केल्या केल्या माल धरता का?" ते थांबले. गुडघ्यात बसवलेला तो स्नायुबंध तिच्याच मांडीच्या मागून काढलेला असतो. आत गेल्यावर तो आधी कमजोर पडतो, मग त्यात नव्यानं रक्तवाहिन्या शिरतात आणि तो हळूहळू घट्ट होतो, महिनोन् महिने. बाहेरून काही कळत नाही. "दोन पानं फुटली म्हणजे लागली असं न्हाई," ते स्वतःशीच म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. चाचणी हुकली.

विनेश फोगाट 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत गुडघा जाऊन स्ट्रेचरवरून बाहेर गेली आणि 2018 ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेऊन आली. आपल्या बीडचा अविनाश साबळे 2025 मध्ये मोनॅकोला शर्यतीत कोसळला, त्याच्या एसीएलची शस्त्रक्रिया झाली. या बातम्या आल्या की मी त्या माझ्या पोरा-पोरींना दाखवते, धीर यावा म्हणून. पण मला माहीत आहे की अशा खेळाडूंच्या मागे डॉक्टर असतात, फिजिओ असतो, ताकद मोजायची यंत्रं असतात, आहार बघणारं माणूस असतं. जिल्ह्याच्या पातळीवर एका मैदानावर चोवीस संघ असतात आणि एक फिजिओ, तोही असलाच तर. टेप, कात्री, बँडेज स्वतःच्या पैशानं घेतलेलं असतं, बर्फ मासळीवाल्याकडून आणलेला. मानधन मिळतं, कधी शाल-श्रीफळावर भागतं. घर चालतं ते क्लिनिकवर, गुडघेदुखीच्या आजी-आजोबांवर, आणि कणीक मळून टेनिस एल्बो झालेल्या, टेनिसची रॅकेट कधी हातात न धरलेल्या बायकांवर. वहिनींना पगाराचा आकडा ऐकून जे वाटलं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मी आकडा वाढवून सांगितला नाही. तालुक्याच्या प्रत्येक स्पर्धेला एक शिकलेला फिजिओ सक्तीचा करा, एवढी एक मागणी मला जमेल तिथं, जमेल त्या संयोजकांपुढे करायची आहे. ती होईपर्यंत पोरं चोळून घेतच राहणार.

मॅच जवळून बघायला मिळते का, या प्रश्नाचं उत्तर मी त्या मुलीला फोनवर दिलं. म्हटलं, मिळते, पण तू बघशील ती वेगळी. कोण जिंकलं ते तुला घरी येऊन विचारावं लागेल, आणि एखादीचा गुडघा आत न झुकता ती पन्नास उड्या मारून उतरली तर त्या दिवशी तुला झोप छान लागेल. "म्हणजे मजा येते?" तिनं पुन्हा विचारलं. येते, म्हटलं. तिला पुढच्या रविवारी सरावाला बोलावलं आहे.

गेल्या मंगळवारी रेडरची चाचणी घेतली. एका पायावर उडी मारून त्याच पायावर उतरायचं आणि तिथं स्थिर राहायचं. उजव्यानं 142 सेंटिमीटर, डाव्यानं 119. म्हणजे उजव्याच्या 84 टक्के. नव्वदच्या वर लागतात. उतरताना गुडघा पूर्वीसारखा आत जात नाही, ही मोठी गोष्ट, पण अंतर कमी आहे. पुढची निवड चाचणी दोन महिन्यांवर आहे आणि या वेळी मला वाटतं ती तिथं असेल. वडिलांनी प्रशिक्षकांसाठी पत्र मागितलं. मी त्यात तारीख लिहिली नाही. काय काय जमलं की पूर्ण सरावाला घ्यायचं ते लिहिलं: उडीत नव्वद टक्के, मांडीच्या ताकदीत नव्वद टक्के, थकल्यावरही उतरणं सरळ, आणि पकडीत जायची तिची स्वतःची तयारी. त्यांनी ते सावकाश वाचलं आणि विचारलं, "मग घरी हे कोण बघणार?" धाकटा भाऊ बाहेर मोबाईल घेऊन बसला होता. त्याला आत बोलावलं, खुर्ची मांडली, आणि बहिणीला एका पायावर बसून उठायला लावलं. "मोज," म्हटलं, "पण गुडघा अंगठ्याच्या आत गेला की ते धरायचं नाही." पहिल्या खेपेला त्यानं अकरा मोजले. मी म्हटलं आठ. तो वाकून जमिनीजवळ बसला आणि म्हणाला, "ताई, परत कर."